पाचोऱ्याला गाडी बदलावी लागते

कोणताही नवा संगणक समोर आला की मी त्यावर पहिला शब्द लिहितो, 'पाचोऱ्याला'. गावावरच्या प्रेमापोटी नव्हे. माझं गाव पहूर. पण त्या शब्दात र आणि य यांच्यामध्ये जो आडवा वळसा येतो, तो यंत्राला काढता येतो की नाही हे एका झटक्यात कळतं. हिंदीवाल्यांना तो लागत नाही. आपली मात्र 'सोयऱ्यांसह', 'दुसऱ्या', 'वऱ्हाडी' यांच्यावाचून एक लग्नपत्रिका पुरी होत नाही. यंत्र आडमुठं निघालं तर रफार उडून य च्या डोक्यावर बसतो आणि 'पाचोर्याला' होतं. अशी पत्रिका छापून गेली की नवरीचा मामा दुकानात येऊन बसतो. आणि आमच्याकडचा मामा एकदा बसला की नुसत्या चहावर उठत नाही.

पहूरला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं. निवडणूक लागली की पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन्ही ग्रामपंचायतींच्या उमेदवारांची पत्रकं माझ्याच टेबलावर तयार होतात, आणि एकाचं पत्रक दुसऱ्याला दिसत नाही. एवढी नीती मी पाळतो. दुकानातला संगणक बरीच वर्षं बिनतक्रार चालला होता. मग त्याच्यावर सूचना येऊ लागल्या की 14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10चे नेहमीचे अपडेट बंद. वर्षभराची मुदतवाढ मागता येत होती, पण मुदतवाढ म्हणजे मुदतवाढच. विंडोज 11 टाकायला गेलो तर ते म्हणालं, तुमचा प्रोसेसर चालणार नाही. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. माझा सातवीतला. म्हणजे सहावीपर्यंत पहिला नंबर आणि सातवीत शाळेनेच काढून टाकलं, तसं झालं.

मशीन धडधाकट होतं. पंखा फिरत होता, पडद्यावर एक डाग नव्हता. बैलाचे सगळे दात येऊन तो जुळला म्हणजे लगेच खाटकाकडे जात नाही, वखराला आणखी चार हंगाम चालतो. मला राग आला तो याचा.

भाचा जळगावला इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाका आणि धंद्यासाठी एक चांगला लॅपटॉप घ्या. पण या वेळी मला विचारून घ्या."

'या वेळी' असं तो म्हणाला, कारण मागच्या वेळी मी विचारलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन सेलमध्ये एक नवाकोरा, पातळ, चकचकीत लॅपटॉप घेतला होता. विंडोजशिवायचा, ज्याला बाजारात 'डॉसवाला' म्हणतात. विंडोजचे पैसे वाचतात म्हणून घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, माल विकून ती मोकळी झाली. भाच्याने त्यावर लिनक्स टाकलं. पडदा आला, कीबोर्ड चालला, आवाज आला. वायफाय काही आलं नाही. वायफायचं चिन्हच दिसेना. शेवटी मोबाइल वायरने जोडून नेट चालवलं. ते लगेच चालतं, हे लिनक्सचं एक मला आवडतं. पण तीन महिने दुकानात माझा फोन लॅपटॉपला बांधलेला होता, पाळण्याला दोरी बांधावी तसा. गिऱ्हाइकाचा फोन आला की वायर काढायची, नेट जायचं, परत लावायची.

तेव्हा भाच्याला मी विचारलं होतं, नवं यंत्र आहे, मग चालत का नाही? त्याने जे सांगितलं ते मला त्याच्या भाषेत कळलं नाही. मग एकदम माझ्या भाषेत कळलं, पीजेच्या.

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. 56 किलोमीटरची, अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, आमचं पहूर, भागदरा, जामनेर. 2020च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता तिथे ब्रॉडगेज येणार म्हणतात. मी लहान असताना मावशी मुंबईहून यायची. मुंबईपासून पाचोऱ्यापर्यंत ती मोठ्या गाडीत, साडेपाच फुटी रुळांवर. मग पाचोऱ्याला उतरायचं. ट्रंक हमालाच्या डोक्यावर, पोरं हाताला, आणि पलीकडे उभ्या असलेल्या पीजेत चढायचं. मुंबईची गाडी कितीही भारी असली तरी पहूरला येऊ शकत नव्हती. गाडीत खोट नव्हती, रुळांतही नव्हती. गेज जुळत नव्हतं, एवढंच. आणि मालाचे तर आणखी हाल: डब्यातून उतरवा, फलाटावर टाका, दुसऱ्या डब्यात चढवा, त्यात एखादं पोतं फुटणार.

लॅपटॉपच्या पोटात वायफायची चिप असते, आवाजाची असते, पडद्याची असते, बोटाच्या ठशाची असते. त्यातल्या प्रत्येकीशी बोलायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, ड्रायव्हर. विंडोजसाठी तो चिपवालाच लिहून देतो, कारण गिऱ्हाईक तिकडे आहे. लिनक्सचं तसं नाही. 1991च्या ऑगस्टमध्ये लिनस टोर्व्हाल्ड्स नावाच्या हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून जगभरच्या लोकांनी तिच्या गाभ्यात भर घातली. त्याच गाभ्यात हजारो ड्रायव्हर आहेत. ज्या कंपनीने आपल्या चिपची माहिती खुली केली किंवा स्वतः ड्रायव्हर लिहून दिला, तिची चिप पेनड्राइव्ह लावल्या लावल्या चालते. जिने मुठी आवळून ठेवल्या, तिच्या चिपसाठी कुणीतरी कुठेतरी रात्री जागून, बाहेरून ठोकून ठोकून अंदाज घेत ड्रायव्हर लिहितो. तो लिहून होईपर्यंत आपण पाचोऱ्याच्या फलाटावर.

हा राग नुसता माझ्यासारख्याचाच नाही. 2012 साली फिनलंडमधल्या एका व्याख्यानात खुद्द टोर्व्हाल्ड्सने ग्राफिक्सच्या चिप करणाऱ्या एनव्हिडियाला कॅमेऱ्यासमोर बोट दाखवलं होतं, आणि ते बोट करंगळी नव्हतं. दहा वर्षांनी, 2022मध्ये, त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशी जोडला जाणारा भाग खुला केला. बोटामुळे केला असं मी म्हणत नाही.

यातून एक उलटी गोष्ट निघते, जी गिऱ्हाइकाला पटवायला फार अवघड जाते. लिनक्ससाठी लॅपटॉप घ्यायचा तर सगळ्यात नवा घेऊ नये. नव्याकोऱ्या यंत्रातली चिप गाभ्याला अजून ओळखीची झालेली नसते. दोन-चार वर्षं झालेलं, मोठ्या कंपन्यांनी आपल्या माणसांसाठी हजारोंनी घेतलेलं मॉडेल बघावं. असं मॉडेल प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्याच मांडीवर असतं. ज्याच्या मांडीवर बसतं त्याच्याच घरात वायफाय चालत नसेल, तर तो गप्प बसेल का? तो दुरुस्त करतो, आणि ती दुरुस्ती आपल्याला फुकट मिळते. कंपन्या तीन-चार वर्षांनी ही यंत्रं विकून टाकतात आणि ती फिरत फिरत जळगावच्या गोलाणी मार्केटला येतात.

तर डिसेंबरात एक दिवस नेरीमार्गे एसटीने मी आणि भाचा गोलाणीला गेलो. खिशात एक पेनड्राइव्ह, त्यावर लिनक्स मिंट. लिनक्स असं पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. यंत्रातल्या डिस्कला हात लागत नाही, पेनड्राइव्ह काढला की यंत्र जसंच्या तसं. लॅपटॉप घेण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही, आणि तरी शंभरात एक जण तसं करत असेल असं वाटत नाही. वरखेडीच्या गुरांच्या बाजारात कुणी दात न बघता बैल घेत नाही. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, हे तोंड उघडून बघतात, मग चालवून बघतात, मग कुठे भावासाठी रुमालाखाली बोटं जातात. चाळीस हजाराचा लॅपटॉप मात्र आपण खोक्याच्या रंगावर घेतो.

पहिल्या दुकानात दुकानदाराने पेनड्राइव्ह बघून हात आडवा घातला. "सायेब, विंडोज 11 टाकेल आहे, ऑफिस पण टाकेल आहे. हे काय लावून राह्यले?" भाचा म्हणाला, काही बिघडणार नाही. "नको, व्हायरस येईल." त्या दुकानातून आम्ही निघालो. पेनड्राइव्ह लावू देत नाही त्याच्याकडे लॅपटॉप घेऊ नये, हा पहिला नियम झाला.

दुसऱ्या दुकानातला पोरगा भला होता. त्याला स्वतःलाच गंमत वाटली. पहिलं यंत्र काढलं ते चांदीच्या रंगाचं, हलकं, जवळजवळ नवं. मिंट सुरू झालं, पडदा सुरेख दिसला, वायफायसुद्धा आलं. गाणं लावलं तर आवाज नाही. हेडफोन लावला तर हेडफोनात येतो, स्पीकरमधून नाही. भाच्याने झाकण बंद केलं, आम्ही खाली जाऊन चहा घेतला, वर आलो, झाकण उघडलं. पडदा काळा तो काळाच. बटण दाबून धरून बंद करावं लागलं. झाकण लावल्यावर झोपणं आणि उघडल्यावर उठणं, ही लॅपटॉपची सगळ्यात अवघड परीक्षा आहे असं भाचा म्हणतो. मला ते पटतं. माणसांचंही बरंचसं तसंच आहे.

मग त्या पोराने कोपऱ्यातून एक काळं, जाडसर यंत्र काढलं. थिंकपॅड टी480. 2018चं मॉडेल, कोपऱ्यावर घासलेलं, मागे कुठल्यातरी कंपनीच्या मालमत्ता-क्रमांकाची चिकटपट्टी खरवडून काढल्याची खूण. कीबोर्डच्या मधोमध ती लाल गुंडी. थिंकपॅड हे नाव 1992पासूनचं, आधी आयबीएमचं, 2005पासून लेनोवोचं, गुंडी तीच. पेनड्राइव्ह लावला, एफ12 दाबलं, मिंट आलं. वायफायची चिप इंटेलची, यादीत गोलाणीतली पंचवीस-तीस नावं धडाधड आली. आवाज आला. उजेड कमी-जास्त करणारी बटणं चालली. कॅमेऱ्यात माझा चेहरा आला, त्याला इलाज नाही. झाकण लावलं, पुन्हा चहा (त्या दिवशी चहाच फार झाला), झाकण उघडलं, क्षणात जागं.

भाच्याने काळी खिडकी उघडून एक आज्ञा दिली आणि बॅटरीचा जन्मपत्रिकेसारखा तक्ता काढला. नवी असताना किती वीज मावत होती, आज किती मावते. या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात, एक पोटात, एक मागून काढता येणारी. पोटातली बरी होती, बाहेरची निम्म्यावर आली होती. मला त्याचं दुःख नव्हतं; बाहेरची बदलता येते, आणि लाइट गेल्यावर पोटातली चालू ठेवून ती बदलता येते. आमच्याकडे भारनियमन कोणत्या वेळी येईल याचं कोष्टक अजून कुणी छापलेलं नाही. पाठ उघडली तर मेमरीला दोन खाचा. पुढे वाढवता येईल. चांदीच्या त्या यंत्रात मेमरी बोर्डावरच चिकटवून टाकलेली होती, म्हणजे जन्माला येताना जेवढी बुद्धी तेवढीच मरेपर्यंत.

मग मी खुर्ची ओढली. कीबोर्डांच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट निवडला. इनस्क्रिप्टची मांडणी 1991च्या भारतीय मानकात आलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. पहूर हा शब्द त्यात चार कळांत होतो, एच, यू, टी, जे. पण मला पहूर बघायचं नव्हतं. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, काना. 'पाचोऱ्याला'. वळसा जिथे पाहिजे तिथेच पडला. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, हे कधी बघतच नाही कुणी."

त्याने 19 हजार सांगितले. साडेसतराला घेतला. रुमाल नव्हता, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बोटं फिरली.

आता खरं दुखणं सांगतो, नाहीतर ही जाहिरात होईल. माझी वीस-बावीस वर्षांची कामं एका जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्या सॉफ्टवेअरला एक लॉक होतं, पेनड्राइव्हएवढं, संगणकाच्या मागे खोचायचं. लॉक काढलं की फॉण्ट बंद. त्या फॉण्टांत 'क' हा क म्हणून साठवलेलाच नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी चित्रं बसवलेली आहेत. फॉण्ट गेला की पत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो. एके वर्षी पावसाळ्यात ते लॉक गेलं. त्या आठवड्यात तिसऱ्या पोरीच्या लग्नासाठी एक जण आला, म्हणाला, "थोरलीची पत्रिका काढा, तीच ठेवायची, नावं फक्त बदला." पत्रिका माझ्या डिस्कवर होती. मी लिहिलेली होती. मला ती वाचता येत नव्हती.

लिनक्सकडे मी वळलो तो नुसतं फुकट मिळतं म्हणून नाही, त्या दिवसामुळे. युनिकोडमध्ये, म्हणजे क ला क म्हणूनच साठवून, लिहिलेला मजकूर उद्या कोणत्याही यंत्रावर उघडेल. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा मुक्त हा खुला फॉण्ट मी पत्रिकांच्या पत्त्यांसाठी वापरतो. पुण्यात रेड हॅटच्या लोकांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला लोहित पावत्यांना पुरतो. पान मांडायला स्क्रायबस. त्याच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटायची. 2024च्या सुरुवातीला आलेल्या 1.6पासून मराठी नीट बसते. मी जर पाच वर्षं आधी हे करायला गेलो असतो तर तोंडघशी पडलो असतो.

बोटांना मात्र अजून पटलेलं नाही. मी मराठी 30ची टायपिंगची परीक्षा लोखंडी मशीनवर दिलेला माणूस. तिथे पहिली वेलांटी आधी दाबायची आणि मग अक्षर, जशी दिसते तशी. इनस्क्रिप्टमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी, जशी बोलतो तशी. 'पत्रिका' लिहिताना त्र च्या आधी माझं बोट अजून वेलांटीकडे जातं. रोज चाळीस पत्रिकांत चाळीस वेळा.

जुना सातवीतला संगणक फेकलेला नाही. त्याचं नेट काढून टाकलं आहे, नवं लॉक मिळवून लावलं आहे, आणि जुन्या कामांसाठी तो कोपऱ्यात जागा धरून आहे. दुकानातला छोटा लेझर प्रिंटरही त्यालाच जोडलेला आहे, कारण त्या प्रिंटरला लिनक्सवर चालवायला भाच्याने दोन रविवार घातले आणि तिसऱ्या रविवारी तो आलाच नाही. म्हणजे पाचोऱ्याला गाडी बदलणं माझ्याच दुकानात चालू आहे. लॅपटॉपवर पान मांडतो, पीडीएफ करतो, पेनड्राइव्हमधून कोपऱ्यात नेतो, छापतो. जळगावच्या प्रेसला पाठवायचं असेल तर ही हमाली लागत नाही, पीडीएफ सरळ जाते.

शेजारी सेवा केंद्र चालवणारा मित्र आहे. सगळं बघून तोही म्हणाला, "मले पण हाच टाकून दे." मी त्याला नको म्हटलं. त्याचं अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीची किल्ली, सगळ्यांची गेजं विंडोजची. एखादं लिनक्सवर चालतं म्हणे, पण दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईला 'चालतं म्हणे' सांगता येत नाही. पोरांच्या अभ्यासाला, हिशेबाला, लिहिण्याला, नेटला घ्यायचा असेल तर खुशाल घ्या असं सांगतो. टॅलीत हिशेब ठेवणाऱ्याला मात्र थांब म्हणतो.

संगणक शिकवायला आपल्याकडे 2001 साली एमकेसीएल निघालं, एमएससीआयटीचे क्लास गावोगाव पोचले, पहूरलाही. हजारो पोरापोरींना त्यामुळे संगणकाला हात लावता आला, हे मी नाकारणार नाही. माझ्या धाकट्या बहिणीला नोकरी त्यावर लागली. पण संगणक म्हणजे विंडोज हे समीकरणही तिथेच पक्कं झालं. केरळातल्या सरकारी शाळांत पोरं लिनक्सवरच शिकतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 2007 साली बॉस नावाचं देशी लिनक्स काढलं, मराठीसकट. पहूरात ते कुणी ऐकलेलं नाही. मीही भाच्याकडूनच ऐकलं.

परवा ते तिसऱ्या पोरीवालं गिऱ्हाईक नातवाच्या जावळाची पत्रिका करून घ्यायला आलं होतं. त्याला मी सांगितलं, आता तुमची फाइल तुम्हालाच देऊन ठेवतो, मी असो-नसो, कुठेही उघडेल. त्याने ती मोबाइलवर घेतली, उघडून बघितली, नाव वाचलं, आणि पैसे कमी करायला सांगितले.

मिंटचा पेनड्राइव्ह दुकानात शटरजवळच्या खिळ्याला टांगलेला आहे. पहूर, शेंदुर्णी, जामनेर, वाकोद, कुणीही लॅपटॉप घ्यायला निघालं असेल तर घेऊन जा. दुकानात लावून बघा, आवाज ऐका, झाकण लावून चहा पिऊन या, 'पाचोऱ्याला' लिहा. संध्याकाळच्या एसटीने याल तेव्हा परत खिळ्याला अडकवा. दोन गेले आहेत, हा तिसरा आहे.